समर स्कूलची फी हिरव्या डायनं वसूल केली

गेल्या महिन्यात आमच्या लॅबचा प्लेट रीडर (छोट्या खाचांच्या प्लेटमधल्या नमुन्यांचा प्रकाश मोजणारं मशीन) बंद पडला. इंजिनिअर येऊन दिवा आणि डिटेक्टर बदलून गेला, आणि त्याच ई. कोलाय जिवाणूंचे, त्याच गेनवरचे (गेन म्हणजे डिटेक्टरची संवेदनशीलता) जीएफपीचे, म्हणजे हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचे, आकडे जवळपास दुप्पट यायला लागले. बाकीच्यांचा जुना डेटा नव्याशी जुळेना. माझा जुळला. त्याचं श्रेय जुलैमध्ये इथेच इंग्लंडमध्ये केलेल्या इंजिनिअरिंग बायोलॉजीच्या (पेशींत जनुकांची सर्किटं बांधण्याच्या शास्त्राच्या) समर स्कूलला, म्हणून आत्ता लिहितेय.

वेळापत्रक सगळीकडे असतं तेच: सकाळी व्याख्यानं, दुपारी वेट लॅब, शेवटी ग्रुप प्रोजेक्ट. टॉगल स्विच आणि रिप्रेसिलेटर ही 2000 सालची जनुकीय सर्किटं छान शिकवली. गोल्डन गेट क्लोनिंग (डीएनएचे तुकडे जोडायची पद्धत) पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला कुणाला नवं नसतं. मॉडेलिंग मात्र घाईत उरकलं.

आणि एक अख्खी दुपार फ्लुरोसीन हा हिरवा चमकणारा डाय पातळ करण्यात गेली. 10 मायक्रोमोलरपासून सुरुवात, प्लेटच्या प्रत्येक वेलला (खाचेला) निम्मं, बाराव्यात नुसतं पीबीएस हे क्षारांचं द्रावण. मग पेशींच्या आकाराचे सिलिकाचे कण घेऊन ओडीसाठी (द्रावण किती गढूळ, त्यावरून पेशी किती, याचं माप) तेच. निम्मी फी स्टायपेंडमधून भरलेली, त्यामुळे तेव्हा ही दुपार फार खुपली.

आज तीच सगळ्यात मोलाची वाटते. प्लेट रीडर देतो ते आकडे त्या मशीनपुरते, त्या गेनपुरते. फ्लुरोसीनच्या प्रमाणासमोर मशीनचे आकडे मांडून रेषा काढली की 'अमुक इतक्या फ्लुरोसीनएवढा प्रकाश' असं सांगता येतं, आणि ते दुसऱ्या मशीनवरही टिकतं. आयजेम या विद्यार्थ्यांच्या सिंथेटिक बायोलॉजी स्पर्धेनं हेच जगभरच्या लॅबकडून करून घेतलं. ओडीवरच्या त्यांच्या 2020 च्या पेपरमध्ये 244 लॅब होत्या. मी परत आल्यावर आमच्या मशीनची रेषा काढून ठेवली होती. दुरुस्तीनंतर पुन्हा काढली, जुन्या रेषेनं जुने आणि नव्या रेषेनं नवे आकडे फ्लुरोसीनच्या मापात बदलून घेतले, आणि माझ्या प्रमोटरची (जनुक किती चालेल हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागांची) तुलना उभी राहिली. नाहीतर काही महिन्यांचे प्रयोग पुन्हा. डायची बाटली तर अजून अर्धीही संपलेली नाही!

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. शिकवलं ते फक्त हिरव्यासाठी. माझ्या सर्किटमध्ये एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिनही आहे, आणि लालला फ्लुरोसीन चालत नाही, सल्फोरोडामाइन 101 लागतं. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मला ते नंतर शोधत बसावं लागलं. त्यात शरद ऋतूत सामायिक फोल्डर बंद केला. मेल केला तर 'चालू बॅचपुरतंच' असं उत्तर आलं. एवढी फी घेऊन प्रोटोकॉलच्या फायली काढून घेणं मला अजिबात पटलेलं नाही.

जाणार असाल तर फायली तिथे असतानाच उतरवून घ्या, आणि लाल रंगाचं कॅलिब्रेशन आहे का ते फी भरण्याआधी विचारा. भारतातून येणाऱ्यांना व्हिसा आणि विमानाचा खर्च धरून हे परवडेल असं मला वाटत नाही; प्रोटोकॉल आयजेमनं खुले ठेवलेत, गाइडकडून डाय आणि सिलिकाचे कण मागवून घ्या. आमच्या लॅबच्या नव्या मुलांना मात्र मी फक्त मोजमापाच्या भागासाठी पाठवेन, तो वेगळा, कमी फीत देत असतील तर.