विश्रामबागची खानावळ : पैसे भरण्याआधी खाड्याचा हिशोब मांडा

१९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मधोमध, आणि १९४७ साली सुरू झालेलं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजही याच पट्ट्यात. त्यामुळं सांगलीच्या विश्रामबागेत मेसला मरण नाही.

मागच्या गल्लीतली ही मेस तळमजल्यावरची, घरगुती. चपाती, भात, आमटी हवी तेवढी. सुकी भाजी दोनदा. बुधवारी रात्री अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी. हा मसूर खरंच चांगला असतो: दाणा अख्खा राहतो, पण आत कच्चा नसतो, आणि चटणी घरची कांदा-लसणाची. भाकरी हवी असेल तर दुपारीच सांगायचं, कारण पीठ मोजून मळतात. उपवासाची खिचडी हवी तर आदल्या रात्री फळ्यावर नाव टाकायचं.

दुपारची वेळ साडेअकरा ते दोन. गोची होते ती एकच्या पुढं. मावशी अकरापासून चपात्या लाटतात आणि गरम गरमच डब्यात रचतात. वाफ कोंडते, तळातल्या चपात्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात. त्याच सुमाराला प्रॅक्टिकल सुटून गर्दी येते आणि आमटीत गरम पाणी पडतं. वरून फोडणी काही पडत नाही, त्यामुळं मीठ-तिखट दोन्ही मागं राहतं. साडेबाराच्या आत या, किंवा सरळ पावणेदोनला. तेव्हा दुसऱ्यांदा मळलेल्या कणकेच्या चपात्या तव्यावर असतात. चव बघायला रविवारच्या फीस्टला येऊ नका, मंगळवारी सव्वाला येऊन एक गेस्ट ताट खा. त्यात जे कळेल तेच महिनाभर मिळणार आहे.

आता खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची वजावट. सलग तीन दिवस गैरहजर राहिलात तरच खाडा धरतात, तोही आदल्या रात्री वहीत लिहिला असेल तर. वही दाराशी सुतळीला टांगलेली आहे, शेजारीच परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलंय. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत. रविवारी रात्री मेस बंद, म्हणजे चार आठवड्यांची ५२ जेवणं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळची पोरं शनिवारी दुपारी जेवून एसटी पकडतात आणि सोमवारी सकाळी परततात. त्यांची शनिवार रात्र आणि रविवार दुपार बुडते: महिन्याला ८ जेवणं, खाडा शून्य. त्यातली चार तर फीस्टची, म्हणजे सगळ्यात महागडं ताटच हातचं जातं. दर शनिवारी गाव गाठणाऱ्यानं इथं महिना भरू नये, एकेक सुटं ताट घेणं परवडतं. इथंच राहणाऱ्याला मात्र या गल्लीत यापेक्षा बरं जेवण मिळणं अवघड आहे.

डबा लावणार असाल तर आमटी तळाच्या पुडात भरायला सांगा. घाईत ती मधल्या पुडात येते आणि सायकलच्या हेलकाव्यानं खाली भाजीत उतरते. डबे दोन लागतात, एक मेसमध्ये आणि एक खोलीवर. झाकणावर रंगानं नाव घाला. मार्करचं नाव आठ धुण्यांत जातं.

रात्री साडेनऊला चूल बंद. युवा महोत्सवाच्या तालमी दहा-दहा वाजेपर्यंत चालतात, तेव्हा नऊच्या आत निरोप पाठवला तर ताट झाकून ठेवतात. ही सवलत मात्र कुणी मागितल्याशिवाय सांगत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पूर्ण महिना भरायची घाई करू नका. पेपर संपले की पोरं गावाकडं पांगतात, मेसही बंद होते आणि उरलेले दिवस पुढच्या सत्रात धरत नाहीत. पंधरा दिवसांचं कार्ड मागा. फळ्यावर लिहिलेलं नाही, पण देतात.