ट्रामाडॉल की टॅपेंटाडॉल? गोळी ठरण्याआधी समजून घेण्यासारखे

डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या जठराला किंवा मूत्रपिंडाला सोसेनाशा झाल्या आणि नुसत्या पॅरासिटामॉलने भागत नसले, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा या दोनांपैकी एक नाव येते. दोन्ही पूर्णतः कृत्रिम ओपिऑइड, म्हणजे अफूतील द्रव्यांसारखे काम करणारी, वेदनाशामके आहेत आणि दोन्ही जर्मनीतील ग्रुनेन्थाल या एकाच कंपनीने विकसित केली. ट्रामाडॉल १९७७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत बाजारात आले, तर टॅपेंटाडॉलला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाचे नातेवाईक सहसा विचारतात ते जास्त ताकदीची गोळी कोणती, एवढेच. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. घेणाऱ्याचे यकृत त्या गोळीचे काय करते आणि तिच्या जोडीला आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे आधी पाहायला हवे.

ट्रामाडॉलची गोळी गिळली म्हणजे वेदनाशमन सुरू झाले, असे होत नाही. मूळ ट्रामाडॉल मेंदूतील व मज्जारज्जूतील म्यू ओपिऑइड रिसेप्टरला (ओपिऑइड जिथे चिकटून काम करतात त्या जागेला) फारच क्षीणपणे चिकटते. यकृतातील सीवायपी २डी६ नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर ओ-डेसमिथाइलट्रामाडॉल या पदार्थात करते आणि ओपिऑइड म्हणून जे काम होते, ते मुख्यतः हा पदार्थ करतो. खुद्द ट्रामाडॉल दुसऱ्या वाटेने मदत करते: सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या चेतासंदेशकांचे (चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनांचे) पुनर्शोषण, म्हणजे पेशीत परत ओढले जाणे, ते रोखते, आणि त्यामुळे वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच मंदावतो. अडचण अशी की हे विकर प्रत्येकात सारखे नसते. काहींमध्ये ते आनुवंशिकतेनेच निष्क्रिय असते. अशा रुग्णाने पूर्ण मात्रा घेऊनही दुखणे हटत नाही आणि घरच्यांना वाटते की हा उगाच कण्हतो आहे. याउलट काहींमध्ये ते इतके वेगवान असते की नेहमीची मात्राही श्वसन मंद करू शकते. याच कारणाने अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना ट्रामाडॉल देऊ नये आणि स्तनदा मातांनी ते टाळावे, असे स्पष्ट केले.

नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर मी विशेष आग्रहाने सावध करीन. ही औषधे सीवायपी २डी६ ला अडवतात, त्यामुळे ट्रामाडॉलचा वेदनाशामक भाग दुबळा होतो. आणि त्याच वेळी सेरोटोनिन दोन्हीकडून वाढल्यामुळे थरथर, घाम, ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि गोंधळलेपणा अशी धोकादायक अवस्था उद्भवू शकते. म्हणजे फायदा घटतो आणि अपाय वाढतो. पूर्वी फिट आलेल्यांनाही ट्रामाडॉल सहसा देऊ नये. मधुमेहींमध्ये त्याने साखर अनपेक्षितपणे उतरल्याची आणि वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम घटल्याची नोंद आहे, हेही लक्षात असू द्यावे.

टॅपेंटाडॉलची रचना यातल्या बऱ्याच अडचणी टाळते. मूळ रेणू स्वतःच म्यू रिसेप्टरवर काम करतो आणि नॉरएपिनेफ्रिनचे पुनर्शोषण रोखतो. सेरोटोनिनवरील परिणाम अल्प असतो, तरी अशा औषधांबरोबर घेताना इशारा त्यालाही लागू आहेच. त्याचा निचरा मुख्यतः ग्लुक्युरोनिडेशनने, म्हणजे सीवायपी २डी६ वर न विसंबणाऱ्या दुसऱ्या प्रक्रियेने, होतो, त्यामुळे माणसागणिक परिणाम बदलण्याचे ते कारण उरत नाही. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या चेतादुखीसाठी त्याच्या दीर्घ परिणामी गोळीला अमेरिकेत २०१२ मध्ये स्वतंत्र मान्यताही मिळाली. मात्र हे अधिक खरे ओपिऑइड आहे. अमेरिकेतील नियंत्रित औषधांच्या याद्यांमध्ये, जिथे क्रमांक जितका लहान तितके नियंत्रण कडक, ते मॉर्फिनच्या बरोबरीने दुसऱ्या अनुसूचीत ठेवले आहे, तर ट्रामाडॉल चौथ्या. किंमतही सहसा जास्त पडते.

मूत्रपिंडाचे काम फार मंदावलेल्या रुग्णात ट्रामाडॉलच्या दोन मात्रांमधील अंतर बारा तासांपर्यंत वाढवून दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहतात, तर टॅपेंटाडॉल अशा वेळी टाळतात. एरवी ट्रामाडॉलची कमाल दैनिक मर्यादा ४०० मिलिग्रॅम आणि पंचाहत्तरीनंतर ३०० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी फार चालते. ती चालू असताना तापासाठी वेगळे पॅरासिटामॉल घेण्याआधी पट्टीच्या मागचा मजकूर वाचावा.

व्यसनाचा धोका दोन्हींत आहे. भारतात ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आले. ते अनुसूची एच १ या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीतही असल्याने केमिस्टला डॉक्टर, रुग्ण आणि मात्रा यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. टॅपेंटाडॉलचे प्रकरण तर आपल्या दाराशी आले: त्याचे कॅरिसोप्रोडॉल या स्नायू सैल करणाऱ्या औषधाशी केलेले मिश्रण मुंबईतील एक कंपनी पश्चिम आफ्रिकेत पाठवत असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केले आणि त्यानंतर केंद्रीय नियामकाने त्या मिश्रणाची निर्मिती व निर्यात रोखली. म्हणून घरात व्यसनाचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये.

शस्त्रक्रियेनंतरच्या चार-सहा दिवसांसाठी, अन्य औषधे चालू नसलेल्या प्रौढाला ट्रामाडॉल पुरेसे आणि परवडणारे आहे, असे मला वाटते. नैराश्याची औषधे चालू असतील, पूर्वी ट्रामाडॉलने गुण आला नसेल किंवा चेतादुखी मुख्य असेल, तर टॅपेंटाडॉलबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. फिटचा इतिहास असल्यास मात्र तेही जपूनच वापरतात. कोणतीही घेतली तरी मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य समजाव्यात, आणि बद्धकोष्ठासाठीची सोय पहिल्या दिवसापासून विचारून घ्यावी. काही आठवडे घेतल्यावर ती एकदम बंद करू नये: ट्रामाडॉल अचानक थांबवल्यास ओपिऑइड सुटल्याची लक्षणे तर येतातच, शिवाय सेरोटोनिनच्या वाटेने तीव्र घबराट आणि अंगभर मुंग्याही येऊ शकतात, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवतात.