मुरमाखाली गाडलेला ओहोळ आम्हाला दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणून विकला

म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या बाजूंना जे कोणी सध्या प्लॉट बघत असतील त्यांनी इसार देण्याआधी हे वाचावं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, नाशिकमध्ये जमिनीचे भाव चढलेत आणि या घाईत ओढ्या-नाल्यांच्या काठच्या जमिनीसुद्धा प्लॉट पाडून खपवल्या जाताहेत. आमच्या गळ्यात अशीच जमीन मारली गेली. तक्रार दाखल आहे, त्यामुळे वकिलांच्या सल्ल्याने विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी हे कसं केलं, ते मात्र सगळं सांगते.

मिस्टरांनी सातपूरच्या कंपनीतून व्हीआरएस घेतली. त्या पैशातून दोन गुंठे घ्यायचे आणि जमेल तसं घर बांधायचं, एवढाच विचार होता. ओळखीतून एक एजंट आला. बोलायला गोड, आम्हाला काका-काकू म्हणायचा. साइट दाखवली ती ऐन एप्रिलमध्ये. मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केलेली जमीन, चुन्याच्या फक्कीने आखलेले प्लॉट, कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट, मधून कच्चा रस्ता. पाण्याचा कुठे मागमूस नाही.

एक गोष्ट तेव्हाही डोळ्यांत भरली होती. करंज, उंबर आणि निर्गुडीची एक दाट रांग वर चांभार लेण्यांच्या डोंगराकडून वळणं घेत खाली येत होती. ती लेआउटच्या तारेच्या कुंपणाशी येऊन एकदम थांबायची आणि पलीकडच्या कुंपणाबाहेर परत सुरू व्हायची. मधल्या पट्ट्यात एक झुडूपसुद्धा नव्हतं. कडेला मुरमातून करंजाचे चकचकीत कोवळे धुमारे तेवढे वर आले होते. मिस्टरांनी विचारलं तर एजंट म्हणाला, "काका, बांध होता तो शेताचा. सावलीने पीक येत नाही म्हणून शेतकऱ्यानेच झाडं काढली." उत्तर पटण्यासारखं होतं, कारण बांधावरची झाडं अशीच काढतात.

कागदपत्रं मागितली तेव्हा सातबाऱ्याची झेरॉक्स मिळाली, एक रंगीत लेआउट मिळाला आणि "मंजुरी आहे" असं तोंडी आश्वासन मिळालं. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीखाली नसलेलं, क्षेत्र दाखवलेलं होतं. त्यावर उत्तर तयारच होतं, "खडकाळ भाग होता काकू, आता सपाट केलाय." रक्कम अर्धी चेकने, अर्धी रोख. बदल्यात नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, आणि ताबा पावती. खरेदीखत "सगळ्यांचं एकदम करू" म्हणून पुढे ढकललं.

जुलैत तीन दिवस झड लागली. शेजारच्या प्लॉटवाल्यांचा फोन आला म्हणून आम्ही गेलो, तर आमच्या प्लॉटच्या मधोमध पाणी वाहत होतं. साचलेलं नाही, चांगलं धार धरून, एका कुंपणाखालून शिरून दुसऱ्या कुंपणाखालून बाहेर. मुरूम वाहून गेला होता आणि खाली उंबराचा बुंधा उघडा पडला होता, जमिनीलगत सपाट कापलेला, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. वरच्या मळ्यातले एक नाना छत्री घेऊन बांधावर उभे होते. ते म्हणाले, "बाई, आमच्या म्हशी इथं डुंबायच्या. उन्हाळ्यात सगळं आटलं तरी उंबराखालचं डबकं राहायचं. दिवाळीनंतर रातच्याला जेसीबी आले अन् आठ दिवसात सारं सपाट करून गेले. आम्ही बोललो तर म्हणे तुमचा काय संबंध."

नंतर एका आर्किटेक्टला भेटलो. त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणायला सांगितली. त्यात आमच्या गटातून ओहोळ दोन समांतर रेघांनी स्पष्ट काढलेला आहे. महापालिकेच्या विकास योजनेच्या नकाशातही तो आहे. मग नगररचना विभागाकडून मंजूर लेआउटची प्रत माहितीच्या अधिकारात काढली, तेव्हा सगळं उघड झालं. लेआउट खरोखर मंजूर होता. पण मंजूर नकाशात ओहोळ होता, त्याच्या दोन्ही काठांना सोडलेलं अंतर होतं आणि त्याला लागून मोकळी जागा होती. आम्हाला दाखवलेल्या रंगीत नकाशात ओहोळ पुसून, ते अंतर आणि मोकळी जागा धरून जादा प्लॉट पाडले होते. आमचा त्यातलाच एक. म्हणजे "मंजुरी आहे" हे वाक्य खरं होतं, फक्त ती मंजुरी आमच्या प्लॉटला नव्हती.

नियम काय आहेत ते आता नीट समजलंय, म्हणून लिहिते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तलाव यांच्यावर कुणाची खाजगी मालकी नसेल तर ते राज्य शासनाचे. सातबाऱ्यावरच्या पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, खाचखळग्यांची, लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पाणवठा, ओढा-नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन. आमच्या सातबाऱ्यावर होता तो 'ब'. एजंटने आम्हाला सांगितला तो 'अ' चा अर्थ. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ओढा-नाला आणि नदी यांच्या काठापासून बांधकामाला किती अंतर सोडायचं ते ठरवून दिलेलं आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ती जागा प्लॉट म्हणून विकता येत नाही. नदीकाठी पूररेषा असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी. आणि काठावरची झाडं शहरात असतील तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो. परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपेक्षा जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचं संरक्षण आहे. नाना सांगतात ते खरं असेल तर तो उंबर त्यांच्या वडिलांच्या लहानपणीही मोठाच होता.

हे संरक्षण असं चार कायद्यांत आणि चार कार्यालयांत विखुरलेलं आहे आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. झाडांचं उद्यान विभाग बघतो, लेआउटचं नगररचना, पोटखराबाचं महसूल, पूररेषेचं जलसंपदा. ओहोळ बुजवायचा तर आधी काठची झाडी काढतात, कारण ती उभी असेपर्यंत कुणालाही दिसतं की इथे पाणी आहे. झाडी गेली, भराव पडला, एक उन्हाळा गेला की साइटवर पुरावाच उरत नाही. हे काम हिवाळ्यात करून विक्री पावसाळ्याआधी उरकतात, ते यासाठीच.

सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट पुढे घडली. भराव आणि वृक्षतोडीचा पंचनामा झाला तेव्हा पहिला प्रश्न आला, ताबा कुणाचा? ताबा पावती आमच्या नावाची. म्हणजे ज्यांनी जेसीबी लावला ते बाजूला आणि उत्तरं द्यायची आम्ही. ताबा पावतीवर सही करताना "जमीन समक्ष पाहून, आहे त्या स्थितीत ताबा घेतला" असं एक वाक्य होतं. ते त्यात का घातलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. असं वाक्य दिसलं तर खोडायला लावा, नाहीतर जमिनीची त्या दिवसाची स्थिती फोटोंसह कागदावर घ्या.

आम्ही आवाज चढवल्यावर विकणाऱ्याने दोन गाजरं दाखवली. पहिलं, "बदली प्लॉट देतो." तो प्लॉट मंजूर नकाशात बघितला तर त्याच मोकळ्या जागेत, पाण्यापासून थोडा लांब इतकंच. दुसरं, "गुंठेवारीत नियमित करून देतो, फक्त शुल्काचे पैसे भरा." गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याचा, कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनेही तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटपुरताच आणला. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला तो लावतो म्हणणारा माणूस सरळ खोटं बोलतोय. आमच्यासोबतच्या एका कुटुंबाने हेही पैसे भरले. शेतकरी कुटुंब, मुलाच्या शिक्षणाला नाशिकला आलेलं. त्यांचे पैसे दोनदा बुडाले.

आपल्याच शहरात हे सगळं डोळ्यांसमोर आहे. सरस्वती नाला बंदिस्त झाला, वर बाजार उभा राहिला आणि जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी शिरतं. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ चे पूर पाहिलेल्यांना गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीपर्यंत चढलेलं पाणी आठवत असेल. धरणातून सोडलेल्या पाण्यात शहरातल्या ओढ्या-नाल्यांचं पाणी मिसळतं. नासर्डी, वाघाडी या नद्या, आणि त्यांना मिळणारे आमच्या प्लॉटखालच्यासारखे बिननावाचे ओहोळ. काठावर करंज-उंबराची मुळं असली की माती धरून राहते, पाण्याचा जोर मोडतो, थोडं पाणी जमिनीत मुरतं. झाडी काढली की तोच पाऊस गाळ घेऊन जास्त वेगाने खालच्या वस्तीत उतरतो. तपोवनातली झाडं वाचवायला २०२५ मध्ये नाशिककर रस्त्यावर आले, ते बघून मन भरून आलं. शिवारातल्या ओहोळाकाठची झाडं मात्र रात्रीतून जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. माझं बांधायचं राहून गेलेलं घर हे माझं दुःख आहेच, पण तो उंबर परत उभा करायला आता कुणाचेच पैसे पुरणार नाहीत, याचंही मला तितकंच वाईट वाटतं.

प्लॉट बघायला जाल तेव्हा जमिनीपेक्षा आधी कुंपणाबाहेर बघा. झाडांची रांग कुठून येते, कुठे तुटते, कुठे परत सुरू होते. आजूबाजूच्या मळ्यात जाऊन एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो एजंटसमोर बोलणार नाही म्हणून एकटे जा. गावनकाशा स्वतः काढा, महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटाचा नकाशाही बघता येतो. मंजूर लेआउट विकणाऱ्याच्या हातून घेऊ नका, नगररचना विभागाची शिक्क्याची प्रतच घ्या आणि तुमच्या प्लॉटचा नंबर त्यावर बोट ठेवून शोधा. सातबाऱ्यावर पोटखराब असेल तर अ की ब, आणि ते क्षेत्र गटात नेमकं कुठे, हे मोजणीच्या नकाशावर विचारा. प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला आहे का ते बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या, आठपेक्षा जास्त प्लॉटच्या योजनेला नोंदणी लागते. आमची योजना नोंदलेली नव्हती. आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला म्हणजे जमीन निर्धोक, असं मुळीच नाही. तिथे दस्त नोंदतात, नाला आहे की नाही ते तपासत नाहीत.

फसवणूक झालीच असेल तर बदली प्लॉटच्या आशेवर महिने घालवू नका. पोलिसांत "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकवलं जाईल, आम्हालाही ऐकवलं. मंजूर नकाशा आणि त्यांनी दिलेला रंगीत नकाशा शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र तक्रार घेतली गेली. ओहोळ बुजवल्याबद्दल पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण त्याला साधारण सहा महिन्यांची मुदत असते. रोख दिलेल्या रकमेचे काही मेसेज, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा. आमची रोख रक्कम त्याच्या एका "मिळाले काकू" एवढ्या मेसेजवर उभी आहे.

शेवटचं आणि तातडीचं. पावसाने उघडा पडलेला तो पट्टा दसऱ्यानंतर पुन्हा मुरूम टाकून सपाट केलाय आणि योजनेचं नाव बदलून परत जाहिरात सुरू आहे. या बाजूला कुणी हल्लीच इसार दिला असेल तर पावती, दिलेला नकाशा आणि गट नंबर घेऊन आधी नगररचना विभागात जा आणि तो प्लॉट मंजूर नकाशावर आहे का ते लेखी विचारा. आमच्याच लेआउटमधले असाल तर पोलिसांत आमच्या तक्रारीचा संदर्भ देऊन स्वतःचा जबाब नोंदवा. तक्रारदार जितके वाढतील तितकं त्यांना प्रकरण मिटवणं अवघड जाईल.