डावा-उजवा सारखाच निघालेला ‘कस्टम’ बूट

माझ्या मुलाचा डावा पाय उजव्यापेक्षा पाच मिलिमीटरने लांब आहे. हे मला तो बारा वर्षांचा झाल्यावर कळलं आणि कळायला ४६ हजार रुपये पडले.

तो स्पीड स्केटिंग करतो. आधी क्वाडवर होता, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकांच्या स्केट्सवर; दोन वर्षांपासून इनलाइनवर आहे, त्यात चाकं एका रांगेत असतात. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलांनी स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेचं ब्राँझ आणलं. त्या चौघांत विक्रम इंगळे, सिद्धांत कांबळे ही नावं ऐकली आणि आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. मग २०२५ च्या सप्टेंबरात आनंदकुमार वेलकुमार चीनमध्ये १००० मीटरचा जगज्जेता झाला, तेव्हा तर क्लासमधल्या सगळ्या आईबापांच्या अंगातच आलं. मी काही वेगळी नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, निवड चाचणीच्या दिवशी, रिंकबाहेर एक जण घडीचं टेबल टाकून बसला होता. चाकं, बेअरिंग, हेल्मेट आणि मधोमध एक काळाभोर कार्बनचा बूट. “ताई, हा स्टॉकचा नाही. पायाच्या मापावर बाहेरून बनवून येतो. कार्बन आहे, गरम करून हवा तसा बसवता येतो.” तयार बूट साधारण निम्म्या किमतीत मिळत होता. पण “नॅशनल खेळायचंय ना बाळाला?” असं त्याने विचारलं आणि मी मोबाइल काढला. ३० हजार तिथल्या तिथे यूपीआयने, बाकीचे माल आल्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल हवं तर जीएसटी वर लागेल. मी म्हटलं, राहू दे. तेवढाच आपला शहाणपणा.

आता माप कसं घेतलं ते ऐका. मुलाला खुर्चीवर बसवलं, पायात जाड मोजे तसेच, खाली वहीचं पान, आणि बॉलपेन तिरकं धरून पायाभोवती फिरवलं. तेही फक्त उजव्या पायाचं. “डावा सारखाच असतो, ताई.” तिथेच उठायला हवं होतं.

खरं माप उभ्याने घेतात, कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. टाच भिंतीला टेकवायची, पेन्सिल सरळ उभी धरायची, आणि सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचं. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असंही नाही. चवड्याची रुंदी वेगळी मोजायची. दोन्ही पाय मोजायचे, आणि शक्यतो संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असताना. मोजे पातळ, नाहीतर अनवाणी. खरा कस्टम बूट बनवणारे तर पायाचा साचाच मागवतात. वहीच्या पानावर साचा होत नसतो हे माझ्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईच्या लक्षात येऊ नये!

सहा आठवड्यांनी बूट आले. दिसायला देखणे. घातल्यावर मात्र तक्रारींना सुरुवात झाली. स्पीडचा बूट घोट्याशीच संपतो, त्यामुळे सगळी मदार टाच घट्ट बसण्यावर. इथे प्रत्येक पुशला टाच उचलली जायची. ती दाबून धरायला तो नाडी इतकी आवळायचा की पाच फेऱ्यांत बोटं बधिर व्हायची. घोट्याच्या आतल्या हाडावर फोड, तो फुटला की पुन्हा त्याच जागी दुसरा. वळणावर पाय आत कलंडायचा. आमच्या सरांना वाटलं घोट्यात ताकद कमी आहे. दोन महिने बिचारा एका पायावर उभं राहायचे व्यायाम करत होता.

विक्रेत्याला फोन केला की एकच उत्तर: “नवीन आहे, वापरून सैल होईल.” कातड्याची चप्पल सैल होते. कार्बनचं कवच वापरून काय सैल होणार? आणि आमचा बूट तर आधीच मोठा होता, तो आणखी सैल होऊन काय उपयोग? तरी मी ऐकत राहिले. शेवटी म्हणाला, ओव्हनमध्ये ८० डिग्रीला वीस मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच पायात घालून नाडी बांधा. ही पद्धत खोटी नाही. गरम केल्यावर मऊ पडणारं रेझिन ज्या बुटात असतं, त्यात हाड टोचतं तेवढी जागा स्क्रूड्रायव्हरच्या गोल मुठीने आतून दाबून काढता येते. आमच्या बुटाचं कवच तसूभर हललं नाही. तळव्याच्या कडेचा गोंद तेवढा सुटला. त्यावर स्वारी फोनवर म्हणाली, “ओव्हनमध्ये तुम्ही घातला, आता वॉरंटी गेली.” सांगणारा तोच, आणि तेही फोनवर, म्हणजे पुरावा शून्य.

उलगडा केला रिंकवर सरावाला येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने. “काकू, दाखवा बरं बूट.” तिने आतली गादी उपसून काढली. खाली पांढरं स्टिकर होतं, अर्धवट खरवडलेलं, पण ३९ आकडा स्पष्ट वाचता येत होता. मग तिने दोन्ही बूट तळव्याला तळवा लावून धरले. तंतोतंत सारखे. तिथेच पायरीवर तिने मुलाचे पाय मोजले: उजवा २३३, डावा २३८. “मापावर बनवले असते तर हे दोन सारखे कसे निघाले असते?” मापाने त्याला ३७-३८ पुरला असता. ३९ दिला, म्हणजे छोटा पडल्याची तक्रार यायला नको. मग तिने घासल्या गेलेल्या कडेवर नख लावलं. कार्बनच्या विणीचं चित्र असलेली पातळ फिल्म सुटून वर आली, जशी नव्या मोबाइलवरची सुटते. खाली पांढुरकं फायबरग्लास. मुलगा काही बोलला नाही. फिल्मचा तो तुकडा त्याने बोटाला गुंडाळला आणि सोडला.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली. बिल नव्हतंच, यूपीआयच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं “कस्टम कार्बन, पायाच्या मापाने” हे त्याचंच वाक्य कामाला आलं. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला तेव्हा कळलं. कर वाचवतोय असं समजून मी त्याचीच सोय केली होती. बऱ्याच खेपांनंतर १२ हजार परत आले, मग त्याचा नंबर बंद.

आता मुलगा त्याच कॉलेजच्या मुलीच्या ओळखीतून मिळालेला वापरलेला स्टॉकचा बूट घालतो. सरळ उभं राहिलं की डाव्या पायाचं बोट पुढे जेमतेम टेकतं, गुडघे वाकवले की सुटतं, टाच हलत नाही. उजव्यात पातळ गादी जास्तीची. घेताना फ्रेमचे, म्हणजे बुटाखाली चाकं धरणाऱ्या पट्टीचे, बोल्टही जुळवून घेतले: दोन बोल्टमधलं अंतर १९५ मिलिमीटर, तर बुटावरही १९५. नाहीतर १६५ च्या बुटावर ती फ्रेम बसलीच नसती. वर्षभरात पाय वाढणारच. वाढत्या मुलाला ४६ हजारांचा मापाचा बूट, तो अगदी खरा असता तरी, कशाला हवा होता, हे नवऱ्याने एकदाच विचारलं. मी भाजी निवडत राहिले.

ते बूट माळ्यावर आहेत. क्लासच्या ग्रुपवर मी विकायला टाकले: “३९ नंबर, स्टॉक, कार्बन नाही, गोंद सुटलेला, ४ हजार.” अजून कोणी विचारलेलं नाही.