जुनं पायलट घड्याळ घेताय? डायलवर भाळू नका

मुंबईच्या जुन्या बाजारात एचएमटी पायलट शोधत फिरणार असाल, तर आधी हे वाचा. माझे साडेसात हजार गेले ते गेले, निदान तुमचे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

बाबा सांताक्रूझला विमानांच्या देखभालीच्या कामावर होते. त्यांचं पायलट 26 जुलै 2005 च्या पुरात गेलं. आमचं कलिन्याचं घर तळमजल्याचं, पाणी ओट्यापर्यंत चढलं होतं. पंचाहत्तरीला त्यांना तसंच घड्याळ द्यायचं होतं, जुनं आणि चावीचंच. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साथीने बंगळुरात उभा राहिला आणि 2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हा त्या काळचा माल जुन्या बाजारातच शोधावा लागतो.

ग्रँट रोडजवळच्या एका गल्लीत ते दुकान आहे. नाव लिहीत नाही. दुकानदाराने मखमली कापडावर घड्याळ ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर बोलत होता.

"साहेब, डायल काळीच का? उन्हात, अंधारात, पांढरे आकडे काळ्यावर चटकन दिसतात. बारावर हा त्रिकोण आणि दोन ठिपके कशाला? मनगट कसंही वळलेलं असो, वरची बाजू कुठली ते एका नजरेत कळावं म्हणून. चावी कांद्यासारखी मोठी कशाला? जाड हातमोजे घालून फिरवता यावी म्हणून."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाच्या दिशादर्शकांसाठी, म्हणजे विमानाचा मार्ग आखणाऱ्या नॅव्हिगेटरांसाठी, जी घड्याळं बनली, त्यांची ही रचना. 55 मिलिमीटरचा अवाढव्य डबा, जाकिटाच्या बाहीवरून बांधता यावा इतका लांब पट्टा. लांगे, लाको, स्टोवा, वेम्पे आणि आयडब्ल्यूसी अशा पाच कंपन्यांच्या नावांनी ती निघाली. 1941 पासूनच्या दुसऱ्या प्रकारात तर मिनिटांचे आकडे बाहेर मोठे आणि तासांचे आत छोट्या वर्तुळात, कारण दिशादर्शकाला गणितासाठी तासापेक्षा मिनिटं-सेकंद जास्त लागायचे. नुसती शोभा म्हणून त्या डायलवर काहीच नाही, आणि म्हणूनच ती इतकी देखणी दिसते. मला आजही तसंच वाटतं.

ही सगळी खरी माहिती त्याने एका खोट्या घड्याळाला चिकटवली. "पासष्टच्या लढाईतल्या ऑफिसरचं आहे, त्यांच्या घरूनच आलंय," म्हणाला. मग मोबाइलचा टॉर्च डायलवर धरला, दुकानातला दिवा मालवला, आणि आकडे हिरवेगार चमकले. तिथे माझा निर्णय झाला. बिल मागितलं, तर "जुन्या मालाचं बिल नसतं हो" म्हणत त्याने दुकानाच्या कार्डामागे तारीख आणि रक्कम लिहून दिली.

घड्याळ दिवसाला पंधरा-वीस मिनिटं मागे पडायला लागलं, म्हणून गिरगावातल्या आमच्या घड्याळजीकाकांकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं. "बघ रे, तूच बघ."

नुसत्या डोळ्यांना रेखीव वाटणारे आकडे भिंगाखाली फुगलेले होते, ओल्या कागदावर शाई पसरावी तसे. तीनच्या आकड्याखाली जुन्या डायलची एक रेघ रंगातून वर आली होती. मिनिटांच्या रेघा कुठे दाट, कुठे विरळ. सेकंदकाटा एकीशीही नेमका जुळेना. मग काकांनी डायल सोडवली. डायलला मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात आणि कडेच्या स्क्रूने धरले जातात. इथे पाय कापलेले, आणि जागोजागी पिवळट डिंकाचे थेंब. मशीन एचएमटीचंच होतं, पण "दोन-तीन घड्याळं मारून एक केलंय," काका म्हणाले.

आणि ती चमक? जुन्या घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी रेडियम किंवा ट्रिटियम हे किरणोत्सारी पदार्थ असायचे. रेडियम हजारो वर्षं टिकतं, पण त्यासोबतचं चमकणारं रसायन काही दशकांत जळून जातं. ट्रिटियमचा जोर तर दर बारा वर्षांत निम्मा होतो. साठीच्या दशकातली, हात न लागलेली डायल टॉर्च दाखवल्यावर अशी लखलखत नाही. तो दाखवत होता तो पुरावा घड्याळ नव्याने रंगवल्याचाच होता.

परत गेलो, तर आवाजच बदललेला. "डायल रिफ्रेश केलीय, सगळेच करतात. जुना माल आहे, परत होत नाही." रिफ्रेश हा शब्द विकताना एकदाही निघाला नव्हता. रंगवलेलं घड्याळ रंगवलेलं म्हणून विकलं तर माझी तक्रार नाही, कुणाला हौस असते. ऑफिसरचं म्हणून विकणं ही लबाडी आहे. परदेशातले संग्राहक अशा जोडकामाला सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात. या शहरात पिढ्यान् पिढ्या प्रामाणिकपणे घड्याळं दुरुस्त करणारी माणसं आहेत, त्यांच्या नावाला हा बट्टा कशासाठी?

घ्यायचंच असेल तर मागचं झाकण दुकानातच उघडायला लावा आणि डायल भिंगातून बघा. अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ हव्यात. पिवळ्या, निळ्या, लाल झगझगीत डायलचं 'जुनं पायलट' दिसलं तर विशेष सावध राहा. ऑफिसर, लढाई, घरून आलेलं, हे कागदाशिवाय ऐकूच नका. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. बिलावर 'मूळ डायल, न रंगवलेली' असं लिहून मागा. विकणारा कां-कूं करायला लागला की घड्याळ खाली ठेवा. माझ्यासारखं आधीच फसला असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. मी कार्डामागच्या त्या चिठ्ठीचा आणि उघडलेल्या डायलचा फोटो जोडून नोंदवली आहे.