खरे बोलणारे खलनायक आणि त्यांची उपेक्षा : ‘स्टार वॉर्स’चे परीक्षण

१९७७ साली जॉर्ज लुकास यांनी सुरू केलेली ‘स्टार वॉर्स’ ही अंतराळातील अद्भुतकथांची मालिका आता लातूरसारख्या शहरातही जिओहॉटस्टारची वर्गणी भरली की घरबसल्या सलग पाहता येते. आमच्या पिढीला हे चित्रपट दूरचित्रवाणीवर तुकड्यातुकड्यांनी आणि कोणत्याही क्रमाने भेटले. त्यामुळे प्रकाशाच्या तलवारी, याने आणि काळा मुखवटा एवढेच मनात राहिले. कथा ओळीने पाहिली की मात्र एक गोष्ट ठळकपणे जाणवते आणि ती मनाला लागते. विचार करणारे, निदान अर्धे तरी बरोबर असणारे खलनायक या मालिकेला निर्माण करता येतात, त्यांच्या तोंडी ती खरे प्रश्नही घालते. परंतु उत्तर देण्याची वेळ आली की ती एक तर त्या माणसाला मारून टाकते, नाही तर त्याच्यातला विचारच काढून घेते. हे परीक्षण त्या एकाच अंगाचे आहे. ते करताना कथेतील पुढचे प्रसंग उघड करणे भाग आहे, हे नव्याने पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मूळच्या तीन चित्रपटांबद्दल माझी तक्रार नाही. डार्थ वेडर हा करड्या छटेचा खलनायक नव्हेच. तो काळा आहे आणि शेवटी मुलासाठी एकदाच उजेडाकडे वळतो. त्या कथेची घडण लोककथेची आहे आणि तिने जे द्यायचे ते पुरेपूर दिले. अडचण सुरू होते ती नंतर, जेव्हा मालिकेने आपणहून राजकारणाचा आणि संस्थांच्या अधःपाताचा विषय हाती घेतला.

त्याचा पहिला बळी म्हणजे २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मधील काउंट डुकू. क्रिस्टोफर ली यांनी साकारलेला हा वृद्ध सरदार एकेकाळचा जेडाय, म्हणजे गणराज्याचे रक्षण करणाऱ्या योद्ध्यांच्या पंथातला आहे, चांगल्या बाजूच्या ओबी-वान या जेडायच्या गुरूचा गुरू आहे, आणि गणराज्य सडले आहे असे म्हणून तो बाहेर पडलेला आहे. जिओनोसिस ग्रहावरील कोठडीतला प्रसंग नीट पाहावा. ओबी-वान निळ्या ऊर्जेच्या बंधनात अधांतरी गोल फिरतो आहे आणि डुकू त्याच्याभोवती सावकाश फेऱ्या घालत, आवाज अजिबात न चढवता, त्याला सांगतो की सिनेटमधील शेकडो सभासद डार्थ सिडियस नावाच्या एका सिथच्या, म्हणजे जेडायांच्या शत्रुपंथातील माणसाच्या, प्रभावाखाली आहेत. माझ्याबरोबर ये, आपण मिळून त्यांचा नाश करू. या बोलण्यातली सिनेटविषयीची माहिती पूर्णपणे खरी आहे. पुढच्या चित्रपटात गणराज्याची जी वाताहत होते, तिची आगाऊ सूचना साऱ्या कथेत याच एका माणसाने दिलेली आहे, आणि ती ऐकून घेण्यास चांगल्या बाजूचा एकही माणूस तयार नाही.

माझ्या भाच्याने हा प्रसंग प्रथमच पाहिला तेव्हा तो मध्येच म्हणाला, “मामा, हा म्हातारा खरं बोलायलाय ना? मग ह्याला वाईट कामून म्हणायलेत?” लेखकांनी पुढचे सगळे या प्रश्नावर उभे करायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच चित्रपटाच्या अखेरीस डुकू आपलाच गुरू असलेल्या सिडियससमोर जाऊन उभा राहतो आणि आपण पाहिले ते सारे नाटकच होते, असे समजून प्रेक्षक मोकळा होतो. तो स्वतःच्या गुरूला उलथवून टाकू पाहत होता का, ओबी-वानला घातलेली साद मनापासून होती का, खरे तत्त्व आणि खोटे साधन यांची गाठ त्याने स्वतःशी कशी मारली होती, यांपैकी कशालाच चित्रपट हात लावत नाही. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये तर तो सुरुवातीलाच मारला जातो. ओबी-वानचा शिष्य अ‍ॅनाकिन, म्हणजेच पुढचा डार्थ वेडर, त्याचे दोन्ही हात तोडतो, गणराज्याचा प्रमुख पॅल्पटीन, जो खरे तर सिडियसच आहे, ठार मारण्याची आज्ञा देतो, आणि ज्याच्यासाठी आपण सर्वस्व गमावले त्याच्याकडे गुडघ्यावर बसलेला डुकू डोळे विस्फारून पाहतो. ली यांची ती नजर एवढी बोलकी आहे की संवादाची उणीव क्षणभर भासत नाही. पण त्या क्षणी त्याने सिडियसचे नाव उच्चारले असते तर अ‍ॅनाकिनने काय केले असते, हा विचार एकदा मनात आला की त्याचे मौन पात्राच्या स्वभावातून आलेले वाटत नाही. कथेला पुढे जायचे होते म्हणून ते त्याच्यावर लादलेले आहे.

ही चूक कोणाच्या तरी लक्षात आली असावी. २०२२ मध्ये आलेल्या ‘टेल्स ऑफ द जेडाय’ या सहा भागांच्या सचेतन मालिकेतील तीन छोटे भाग डुकूला दिलेले आहेत. त्यांपैकी एकात उपासमारीने पिचलेले गावकरी आपल्या सिनेटरच्या मुलाला ओलीस धरतात आणि त्याच्या सुटकेसाठी डुकूला पाठवले जाते. गावाची दैना पाहून त्याचा सारा राग गावकऱ्यांवर नव्हे, त्या सिनेटरवर उलटतो. टँकरची वाट पाहणारी गावे आणि पाहणी करून निघून जाणारे दौरे ज्यांनी पाहिले आहेत, त्या मराठवाड्यातील प्रेक्षकाला त्या रागाची बाजू समजावून सांगावी लागत नाही. त्या रागातच त्याच्या अधःपाताचे बीज आहे, हेही तो भाग स्पष्ट दाखवतो. एवढ्याशा वेळात जे साधले, ते दोन पूर्ण लांबीच्या चित्रपटांना साधले नाही.

डुकूबाबत निदान एवढे म्हणता येईल की तो दुय्यम पात्र होता. कायलो रेनबाबत तीही सबब चालत नाही. २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने लुकासफिल्म सुमारे ४०५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१५, २०१७ व २०१९ असे तीन चित्रपट काढले. त्यांचा खरा कणा हाच तरुण आहे: मूळच्या चित्रपटांतील हान सोलो आणि लेया यांचा मुलगा बेन, ज्याने आजोबांचा, म्हणजे डार्थ वेडरचा, मुखवटा पूजेला लावला आणि वडिलांना स्वतःच्या हाताने मारले. अ‍ॅडम ड्रायव्हरचा अभिनय या तिन्ही चित्रपटांतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’ने या पात्राला खोली दिली. बेनचा मामा आणि गुरू असलेला ल्यूक एका रात्री झोपलेल्या बेनच्या उशाशी तलवार पेटवून उभा राहिला होता. ही एकच घटना चित्रपट तीनदा, तीन तऱ्हांनी सांगतो, आणि शेवटी कळते की ल्यूकच्या मनात वधाचा विचार क्षणभरच आला होता, पण नेमक्या त्याच क्षणी मुलाचे डोळे उघडले होते. दोष कोणाचा, हे ठरवणे येथे खरोखर अवघड होते. पुढे सिंहासनाच्या लाल दालनात कायलो आपला स्वामी स्नोक याला मारतो, लाल चिलखतातील रक्षकांशी नायिका रे हिच्या खांद्याला खांदा लावून लढतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की तो परतला. तो परतत नाही. तो हात पुढे करून म्हणतो की सिथ, जेडाय, बंडखोर, हे सगळे जुने मरू दे, आपण नवे काही उभारू. आणि तो हात थरथरत असताना अगदी हलक्या आवाजात विनवतो. जुन्या दोन्ही पक्षांनी पिढ्यानपिढ्या मुलांचे बळी घेतले, हे त्याचे म्हणणे चूक नाही. त्यावरचा त्याचा उपाय चूक आहे. या दोहोंमधल्या अंतरात एक संपूर्ण चित्रपट मावला असता.

त्याऐवजी २०१९ च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ने सुरुवातीच्या सरकत्या मजकुरातच पॅल्पटीनला परत आणले. स्नोक हा पॅल्पटीनने घडवलेला पुतळा ठरला, आणि कायलोच्या डोक्यात लहानपणापासून घुमणारा प्रत्येक आवाज पॅल्पटीनचाच होता असे सांगितले गेले. या एका निर्णयाने आधीच्या चित्रपटातील सारी नैतिक गुंतागुंत पुसली जाते. बेनचा राग त्याचा राहिला नाही, ल्यूकची चूक गौण झाली, आणि सर्वोच्च सत्ता हाती आलेला तरुण पहिल्याच काही मिनिटांत पुन्हा कोणाचा तरी हुकूम ऐकू लागला. त्याचे मनपरिवर्तन मृत वडिलांच्या आठवणीच्या एका सुंदर प्रसंगात होते, ते मी मान्य करतो. परंतु त्यानंतर बेन सोलोच्या तोंडी जवळजवळ एकही वाक्य नाही, आणि रेला वाचवून तो मरतो. ज्यांना त्याने मारले त्यांच्या आप्तांसमोर त्याला एकदाही उभे राहावे लागत नाही. मृत्यूने त्याची सुटका केली आणि लेखकांचीही.

निर्मितीतील अडचणी खऱ्या होत्या. लेयाची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर यांचे डिसेंबर २०१६ मध्ये निधन झाले. तिसऱ्या चित्रपटाचे मूळ दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो २०१७ मध्ये बाजूला झाले. तरीही तीन चित्रपटांची कथा आधी ठरवून न घेता काम सुरू करणे, हा एवढ्या मोठ्या कंपनीचा दोष कोणत्याही दुर्दैवाखाली झाकला जात नाही.

याच चित्रपटांनी आणखी एक दार उघडून लगेच बंद केले. फिन हा लहानपणीच घरातून उचलून कायलोच्या बाजूच्या सैन्यात वाढवलेला शिपाई. मरणाऱ्या सोबत्याच्या रक्ताची बोटे शिरस्त्राणावर उमटल्यावर तो निःशस्त्र गावकऱ्यांवर गोळी झाडत नाही. त्या पांढऱ्या चिलखतांत पळवून आणलेली मुले आहेत हे एकदा सांगितल्यावर, पुढे ती ढिगांनी मरताना टाळ्यांची अपेक्षा करणे मला सहन होत नाही. फाझ्मा ही त्याची कप्तान केवळ चकाकते चिलखत होऊन राहिली. त्याच सैन्यातला जनरल हक्स कायलोच्या द्वेषापोटी शत्रूचा हेर होतो ही कल्पना उत्तम होती. ती कळताच काही वेळात त्याला गोळी घालण्यात आली.

नंतरच्या मालिकांत ‘द अ‍ॅकोलाइट’चा काइमिर लक्षात राहतो, कारण आपली शक्ती जेडायांना न विचारता वापरण्याचे स्वातंत्र्य एवढेच त्याचे मागणे आहे, पण आठ भागांनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, ती मालिकाच थांबवली गेली. ‘अहसोका’मधील बेलन स्कोल हा थकलेला, विचारी भाडोत्री योद्धा रे स्टीव्हन्सन यांनी अपार संयमाने उभा केला होता, मालिका दाखवली जाण्याआधीच, मे २०२३ मध्ये, ते गेले. ती हानी कोणाच्या चुकीने झाली नाही.

हे काम जमते, याचा पुरावा ‘अँडोर’मध्ये आहे. टोनी गिलरॉय यांच्या या मालिकेचे २०२२ आणि २०२५ मधील मिळून २४ भाग आहेत, आणि तिच्यातील, गणराज्याच्या जागी पॅल्पटीनने उभारलेले साम्राज्य राक्षसांनी चालवलेले नाही. ते कचेऱ्यांनी चालवलेले आहे. सिरिल कार्न हा गणवेशाला स्वतःहून वेगळी शिलाई घालून घेणारा, आईच्या टोमण्यांखाली दबलेला आणि कायद्यावर मनापासून विश्वास असलेला कनिष्ठ अधिकारी. डेड्रा मीरो ही आईवडिलांना अटक झाल्यावर सरकारी संगोपनगृहात वाढलेली, पुरुष सहकाऱ्यांमध्ये हुशारीने वर चढणारी गुप्तचर अधिकारी. पाहणारा नकळत तिच्या बढतीची वाट पाहू लागतो, आणि मग तीच बढती छळाच्या खोलीपर्यंत जाते. घोरमन ग्रहावरील चौकात कत्तल सुरू झाल्यावर आपला वापर झाला हे सिरिलला कळते, आणि तरीही समोर मालिकेचा नायक, बंडखोर कॅसियन दिसताच तो त्याच्यावर तुटून पडतो. ज्याचा त्याने वर्षानुवर्षे ध्यास घेतला, तो कॅसियन त्याला विचारतो, तू कोण? सिरिलचे शस्त्र खाली येते आणि दुसऱ्याच कोणाची गोळी त्याला लागते. त्याला क्षमाही मिळत नाही, गौरवही मिळत नाही. मात्र त्याच्या आयुष्याचा अर्थ काय होता हे प्रेक्षकाला नेमके कळते.

मराठवाड्यातील माणसाला हे साम्राज्य अनोळखी वाटणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या काळाबद्दल बोलताना रझाकारांचा म्होरक्या, लातूरचाच वकील कासीम रझवी, याचे नाव पटकन येते. पण राजवट त्याच्या एकट्याच्या जोरावर चालली नव्हती. दप्तरे सांभाळणारे, सारा वसूल करणारे, वरून आलेला हुकूम गावात वाचून दाखवणारे सर्व जातिधर्मांचे लोक तिच्यात होते. त्यांतले कोणी आपल्याच गावाला सावध करीत, कोणी डोळे मिटून घेत, आणि तेच लोक पुढे आपापल्या वाड्यांत म्हातारे झाले. सप्ताहातल्या कीर्तनातही रावणाला तोंडावर चूक सांगून मग त्याच्याच बाजूने लढायला जाणारा कुंभकर्ण ऐकताना माणसे गंभीर होतात. करडा खलनायक आपल्या प्रेक्षकाला पेलवत नाही, या समजाला काहीही आधार नाही.

वर्गणी भरलेल्यांना माझी शिफारस अशी: मूळचे तीन चित्रपट पाहावेत, डुकूचे तीन छोटे भाग २००२ आणि २००५ च्या चित्रपटांच्या मध्ये पाहावेत, म्हणजे त्याच्या मृत्यूला थोडे वजन येते, २०१५ आणि २०१७ चे चित्रपट लागोपाठ पाहावेत, २०१९ चा केवळ कथा पूर्ण करायची असेल तरच लावावा. ‘अँडोर’ मात्र एकही भाग न गाळता पाहावी, आणि शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन.