आयोवा कॉकसमध्ये एक संध्याकाळ स्वयंसेवक : पाचपैकी साडेतीन तारे

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात शेजारणीनं गळ घातली, "कॉकसला टेबलावर बसशील का?" मला वाटलं, आपल्या इलेक्शन ड्यूटीसारखं असेल. यादी, सही, शाई.

३ फेब्रुवारी २०२०, सोमवार. डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हवा हे ठरवायची परिसरातली सभा. जागा, आयोवा राज्यातल्या वेस्ट डे मॉइनमधल्या एका शाळेचं कॅन्टीन. यंत्र नाही, शिक्का नाही, आडोसाही नाही. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, हेच मत. थोडक्यात, सोसायटीची जनरल बॉडी. फक्त विषय पार्किंगचा नाही, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा.

माझ्याकडे 'ए' ते 'के' आडनावांची यादी. मतदार नोंदणी जागेवरच होत होती, नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर १७ वर्षांची मुलंही चालत होती. सातच्या ठोक्याला जो रांगेत, तो आत. त्यामुळे पावणेसातला जी झुंबड उडाली, ती आवरायला आम्ही तिघी. हा अर्धा तारा तिथेच कापला. शिवाय पेनं! घरून २० नेली होती, परत आली ९.

खरी मजा मोजणीत. आमच्याकडे २१२ माणसं. उमेदवाराचा गट टिकायला १५ टक्के माणसं लागत, म्हणजे ३१.८, आणि ते वरच धरायचे, म्हणून ३२. त्या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी भरायचं कार्ड दिलं होतं. एका बाजूला पहिली पसंती, दुसऱ्या बाजूला दुसरी, खाली सही. तरीही गट मोजायचा तो माणसांनी ओळीनं आकडे म्हणत. मला एमी क्लोबुशार या उमेदवाराच्या गटाजवळ उभं केलं. ते इंग्रजीत म्हणताहेत, मी मनात मराठीत मोजतेय. आणि 'एकोणतीस'ला घात झाला. मनातल्या 'तीस'नं कानातल्या आकड्यावर मात केली आणि मी कागदावर ३९ लिहिलं. टिकला की गट! टाळ्या वाजल्या. चेअर होत्या निवृत्त गणिताच्या बाई. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पुन्हा मोजायला लावलं. २९. टाळ्या परत घेता येत नाहीत.

आता क्लोबुशारच्या गटाला आणखी तीन माणसं हवी होती. टिकलेल्या गटांतली माणसं हलू शकत नव्हती, ज्यांचा गट टिकला नाही त्यांनाच दुसरीकडे जाता येत होतं. बायडेनच्या गटात २४, यांगकडे १०. अर्धा तास नुसती मनधरणी. एक आजी लेमन बार्सचा डबा घेऊन बायडेनवाल्यांत शिरल्या. वादावादी नाही, ओळख काढणं: तुझा मुलगा आमच्याकडे पोहायला यायचा ना? चौघं आले. एक जोडपं तर वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभं होतं आणि मधे लहान मुलगी दोघांकडे आळीपाळीनं पळत होती. गुप्त मतदानात वाढलेल्या मला हे बघताना संकोचही वाटला, नजरही हटेना.

पण संध्याकाळी सात म्हणजे ज्याला रात्रपाळी आहे, त्याचं काय? आमच्याच रस्त्यावरच्या नर्सबाईंना येताच आलं नाही. हा एक अख्खा तारा. (आपल्या केंद्रावर येणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांच्यासाठी काही वेगळी केंद्रं होती. त्यांना ती जमली नाहीत.)

निकाल कळवायचं अ‍ॅप सगळ्या राज्यात गडगडलं, ते जगाला माहीत आहे. आमच्याकडे चेअरबाईंनी दोनदा प्रयत्न करून सरळ फोन लावला. होल्ड. फोन माझ्या हातात दिला आणि त्या खुर्च्या रचायला लागल्या. एक तास दहा मिनिटं मी ते संगीत ऐकलं. त्याचे तारे कापत नाही, कारण तेवढ्यात त्यांनी मला कागदावर डेलिगेटचं, म्हणजे कोणत्या गटाला पक्षाचे किती प्रतिनिधी मिळतात त्याचं, गणित शिकवलं: गटातली माणसं गुणिले ७ (आमच्या केंद्राच्या वाट्याचे डेलिगेट), भागिले २१२.

सकाळी साताऱ्याहून भावाचा फोन, "कोण जिंकलं?"
"अजून कळलं नाही."
"अरेच्चा! ईव्हीएम पाठवू का?"

पहिले अर्धवट आकडे मंगळवारी दुपारी चारनंतर आले. शेवटी बुटिजेज आणि सँडर्स या दोन उमेदवारांत राज्यपातळीच्या डेलिगेटांच्या हिशेबात फरक एक दशांश टक्क्याहूनही कमी, आणि प्रत्यक्ष मतं सँडर्सना जास्त. दोघांनीही विजय जाहीर केला.

२०२४ला पक्षानं पसंतीची कार्डं टपालानं मागवली. मी स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये ती भरून टाकली. नर्सबाईंनीही भरली. लेमन बार्स मात्र कुणी दिले नाहीत.

कधी बसायची वेळ आलीच, तर सपाट चपला घाला, चार्जर न्या आणि पेनांना दोरी बांधा.